दिवाळीत कुटुमसरची गुहा: कांगेर घाटीला सहकुटुंब निघालेल्यांसाठी

प्रश्न पुण्याच्या एका कुटुंबाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस छत्तीसगडमधल्या बस्तरला जायचे आहे. बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले आजी-आजोबा. आजींचे गुडघे कुरकुरतात, आजोबांना अधूनमधून दम लागतो. चित्रकोट आणि तीरथगडचे धबधबे आणि कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या तिन्ही गुहा, म्हणजे कुटुमसर, कैलास आणि दंडक, असा बेत आहे. विचारले आहे ते असे: हे जमेल का, गुहा वयस्कर माणसांना झेपतील का, तिकडे सुरक्षित आहे का, आणि अजिंठा-वेरूळ पाहून झालेल्याला यात नवे काय.

मी नागपूरला भूशास्त्र शिकवते आणि हिवाळ्यात विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन बस्तरला जाणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे थोडे सविस्तर सांगते.

आधी दिवाळीचे बघू, कारण बेत तिथेच अडकतो. पावसाळ्यात कुटुमसरची गुहा बंद असते. डोंगरावर पडलेले पाणी फटींमधून थेट आत उतरते, खालच्या दालनांत साचते, वाहते, गाळ आणते. पाऊस थांबला की लगेच गुहा उघडत नाही. पाणी ओसरावे लागते, पायऱ्या-वाटा साफ कराव्या लागतात, मग वनखाते ती खुली करते. साधारण नोव्हेंबरात हे होते, पण तारीख त्या वर्षीच्या पावसावर ठरते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर गुहा बंदच मिळेल असे धरून चाला. नोव्हेंबरात आली तर निघण्याआधी बस्तरचे मुख्य शहर असलेल्या जगदलपूरच्या वनकार्यालयात किंवा तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. तिकडची एखादी टॅक्सी ठरवली असेल तर तो ड्रायव्हर सगळ्यात खरे सांगेल, कारण त्याला रोज उद्यानाच्या गेटवर जावे लागते.

आणखी एक पेच आहे. धबधबे जोरात असतात तेव्हा गुहा बंद, आणि गुहा आरामात बघता येते तेव्हा धबधबे हळूहळू बारीक होत जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात चित्रकोटला इंद्रावती नदी लाल पाण्याची भिंत होऊन कोसळते. मार्चमध्ये तिथेच बाजूचा उघडा कडा जास्त दिसतो. दोन्ही बऱ्यापैकी साधायचे असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर. नाताळचा आठवडा मात्र टाळा, गेटवर जिप्सीसाठी, म्हणजे जंगलात नेणाऱ्या उघड्या जीपसाठी, रांगा लागतात. शाळेची सुट्टी एवढाच अडसर असेल तर दिवाळी घरी करा आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मुलीची चार दिवस रजा टाका, हा माझा सरळ सल्ला. शिक्षिका असून देते आहे.

आता अजिंठा-वेरूळचे. हा प्रश्न मला आवडतो, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ‘गुहा’ म्हटले की लेणेच येते. आपला बहुतेक मुलूख बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि तो काळा पाषाण तयार झाला. पाण्याने तो झिजतो, फुटतो, पण विरघळून पोकळ होत नाही. म्हणून आपल्याकडे गुहा हवी असेल तर कोणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन ती खोदावी लागली.

कांगेर घाटीतला खडक चुनखडीचा, शंभर कोटी वर्षांहून जुना. तेव्हा इथे उथळ समुद्र होता आणि त्यात शंख-शिंपल्यांचे प्राणी अजून जन्मालाच यायचे होते, त्यामुळे भिंतीत शिंपले शोधत बसू नका. त्याच प्राचीन काळातला चुनखडक आपल्याकडेही आहे, पैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर-यवतमाळच्या बाजूला. आपण त्याचे सिमेंट करतो.

चुनखडी पाण्यात विरघळते, पण नुसत्या पाण्यात फारशी नाही. पावसाचे पाणी जंगलातल्या मातीतून झिरपते तेव्हा मुळांनी आणि कुजणाऱ्या पाल्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्ल होते. हे आम्ल सोडावॉटरपेक्षा जहाल नसते. तेच पाणी खडकाच्या चिरांमधून उतरता उतरता चुना विरघळवत जाते, चिरेची फट होते, फटीची गल्ली, गल्लीचे दालन. वरचे जंगल तोडले तर खालच्या गुहेची वाढ बदलते, ती याच कारणाने. वरचा सालवृक्ष आणि खालचे दालन हा एकच कारभार आहे.

आत गेल्यावर एक गोष्ट जवळून बघा. छताला बोटाएवढी लांब, पोकळ, पांढुरकी नळी लोंबत असेल. गाइडला सांगून दिव्याचा झोत तिच्या टोकावर स्थिर धरायला लावा. टोकाशी एक थेंब टांगलेला दिसेल. तो लगेच पडत नाही. तो तिथे लटकत असतानाच त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो, चुना पाण्यात मावेनासा होतो आणि थेंबाच्या कडेने, नळीच्या ओठावर, डोळ्याला न दिसणारे कॅल्साइटचे, म्हणजे स्फटिक झालेल्या चुन्याचे, कडे बसते. मग थेंब सुटतो. खाली ज्या ठिकाणी पडतो तिथे उरलेला चुना टाकतो, आणि जमिनीवरून एक बुटका खुंट वर यायला लागतो. भूगोलाच्या पुस्तकातले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ ते हेच. वाढीचा वेग गुहेगणिक वेगळा असतो, पण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग हा धरण्यासारखा आकडा आहे. म्हणजे कोणी वीतभरापेक्षा लहान, दहा सेंटिमीटरचा तुकडा ‘आठवण’ म्हणून मोडून खिशात घातला तर त्याने हजारेक वर्षे खिशात घातली.

या खुंटांमध्ये नुसती वर्षे साठत नाहीत, पाऊसही साठतो. दंडक गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभावर संशोधकांनी केलेले काम 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. युरेनियम-थोरियम पद्धतीने थरांचे वय काढले आणि प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड प्रकारांचे, प्रमाण मोजले. पाऊस जोरात झाला की जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, मॉन्सून दुबळा असला की वाढते. अशी इ.स. 600 ते 1500 या सुमारे नऊशे वर्षांच्या मॉन्सूनची नोंद एका दगडातून वाचता आली. चौदाव्या-पंधराव्या शतकात मॉन्सून पुन्हा पुन्हा, दशकानुदशके कोलमडल्याचे त्यात दिसते. महाराष्ट्राच्या इतिहासात 1396 पासून पुढे बारा वर्षे चाललेला म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. बखरींत आणि लोकांच्या तोंडी राहिलेली गोष्ट शेकडो किलोमीटर दूरच्या बस्तरात, अंधारात, थेंबाथेंबाने वेगळी नोंदली जात होती. मुलीला इतिहासाच्या पुस्तकाची आवड असेल तर जाताना गाडीत हे सांगून ठेवा. आत गेल्यावर ती खुंटांकडे वेगळ्या नजरेने बघेल.

बरे, आता झेपण्याचे. कुटुमसरची वाट उद्यानाच्या गेटपासून जंगलातून जाते. गेटवर जिप्सी आणि गाइड घ्यावा लागतो. पाटीवर कधी ‘कोटमसर’ दिसेल, जागा तीच. गुहेचे तोंड म्हणजे डोंगराच्या अंगातली एक अरुंद फट आहे. वेरूळसारखे दाराशी भव्य काही नाही. फटीतून अंग चोरून, कधी आडवे होऊन, वळणावळणाने खाली उतरायचे. पायऱ्या केलेल्या आहेत, पण त्या ओल्या असतात, उंची एकसारखी नाही आणि काही ठिकाणी डोके सांभाळावे लागते. उंच माणसाला वाकून चालण्याचे सगळ्यात जास्त होते. खाली गेल्यावर जागा मोकळी होते आणि दालने येतात.

आजींनी उतरू नये. उतरताना त्यांना जमेलही, गुडघ्याची परीक्षा परत चढताना होते, आणि तेव्हा मागे रांग असते. मधेच थांबून बसायला फटीत जागा नाही. आजोबांचे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गुहेतले तापमान वर्षभर 28 अंशांच्या आसपास राहते आणि हवा दमट असते. थंडगार गुहेची कल्पना करून गेलेला माणूस दहा मिनिटांत घामाने निथळतो. गर्दीच्या दिवशी आत माणसे जास्त झाली की हवा आणखी कोंदते. वटवाघळांच्या विष्ठेचा वासही आहे. साधा दमा नियंत्रणात असेल, इनहेलर खिशात असेल आणि सकाळी पहिल्या फेरीत गेलात तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण बंद जागेत घाबरणारा माणूस असेल तर त्याला आग्रह करू नका. एकदा माझ्या तुकडीतला एक धट्टाकट्टा मुलगा, कबड्डीचा खेळाडू, पहिल्याच वळणावर पांढराफटक पडला. त्याला शांतपणे वर आणले, तो जिप्सीत बसून राहिला आणि कोणी त्याची थट्टा केली नाही. एवढेच करायचे असते.

दहा वर्षांची मुलगी हे गुहेचे सगळ्यात योग्य गिऱ्हाईक. लहान चण, लवचीक गुडघे. फक्त हात धरून ठेवा आणि चप्पल घालू देऊ नका. रबरी तळाचे, खाच असलेले बूट हवेत. चिखलाने खराब झाले तरी चालतील असे. बॅग गाडीत ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत. आत कायमचे विजेचे दिवे लावलेले नाहीत. गाइडच्या हातातला दिवा असतो, पण प्रत्येकाकडे स्वतःचा डोक्याला लावायचा टॉर्च असेल तर पाऊल कुठे पडते ते दिसते. मोबाइलच्या उजेडावर जाऊ नका. एक हात त्यात अडकतो आणि नेमका पाय घसरतो तेव्हाच तो हात हवा असतो.

कायमचे दिवे नाहीत याची काहीजण तक्रार करतात. मला ते या गुहेचे भाग्य वाटते. जिथे दिवे लावून ठेवतात तिथे त्या उजेडावर शेवाळ धरते, भिंती हिरव्या होतात आणि पांढरा कॅल्साइट खराब होतो. शिवाय इथले रहिवासी अंधारालाच सरावलेले.

कुटुमसरची ख्याती आंधळ्या माशांमुळे झाली. गावातल्या लोकांना गुहा आधीपासून ठाऊक होती. 1950च्या दशकात भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनी आत उतरून तिचा शास्त्रीय अभ्यास केला आणि मग ती बाहेरच्या जगाला कळली. आतल्या पाण्याच्या डबक्यांत बोटभर लांबीचे, फिकट गुलाबी-पांढरे मासे तळाशी दिसतात. सगळेच पूर्ण आंधळे नाहीत. काहींचे डोळे बारीक काळ्या ठिपक्याएवढे उरले आहेत, काहींचे कातडीखाली गेले आहेत, काहींना जवळजवळ नाहीतच. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही आणि अंगाच्या रंगाचाही नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या दोन्ही सुटत गेले. तोंडाजवळच्या मिशांनी ते तळ चाचपत फिरतात.

पुणेकरांसाठी मुद्दाम सांगते: हा मासा ज्या जातीत धरला गेला, ती जात मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पहिल्यांदा वर्णन केली ती पुण्यातल्या नमुन्यांवरून. तिच्या इव्हेझार्डी या शास्त्रीय नावातले कर्नल इव्हेझार्डही पुण्याचेच रहिवासी. म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्यांत गोट्यांखाली लपणाऱ्या, डोळे शाबूत असलेल्या, अंगावर पट्टे असलेल्या छोट्या माशाचा हा गुहेतला भाऊबंद. मुठेच्या वरच्या अंगाला मुलीने कधी ओढ्यात हात घातला असेल तर तिने त्याचे गणगोत आधीच पाहिलेले असण्याची शक्यता आहे.

मासे दिसतीलच असे नाही. दिसले तर झोत थेट त्यांच्यावर धरून ठेवू नका आणि डबक्यात हात-पाय घालू नका. भिंतीवर लांबच लांब मिशांचे रातकिडे दिसतील. त्यातल्या एका जातीला तिवारींच्या नावावरून ‘शंकरी’ म्हणतात. ते मात्र मुलांना हमखास सापडतात, कारण मुले भिंतीकडे बघतात आणि मोठी माणसे पायांकडे.

गुहेच्या आतल्या टोकाला एक मोठा ऊर्ध्वमुखी स्तंभ आहे, त्याला लोक शिवलिंग मानतात. तिथे नमस्कार करायला कोणाचीच हरकत नसावी. पण उदबत्ती, कापूर, तेलाचा दिवा नको. बंद जागेत धूर जातो कुठे? कॅल्साइटवर बसतो, त्यावर पुढचा थर चढतो आणि काळी रेघ कायमची आत राहते. हाताचेही तेच. कातडीचे तेल लागले की तिथे चुना नीट बसत नाही आणि तो भाग हळूहळू काळवंडतो. येणाऱ्याजाणाऱ्यांचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचे स्तंभ मळकट आणि त्यावरचे पांढरे, हा पट्टा तुम्हाला आत स्पष्ट दिसेल. आजींना वर बसून नमस्कार करायला सांगा, पोचतो.

एक विनंती गाइडला जरूर करा. शेवटच्या दालनात सगळे दिवे एक मिनिट बंद करायला सांगा. सगळ्यांनी आधी खाली बसायचे, मग दिवे घालवायचे. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही असा अंधार शहरातल्या मुलांनी पाहिलेलाच नसतो. थेंब वेगवेगळ्या अंतरांवर पडत असतात आणि कोणता जवळचा, कोणता लांबचा ते कान ओळखायला लागतात. गर्दी असेल तर गाइड नाही म्हणेल, ते योग्यच.

कैलास गुहा 1993 मध्ये उजेडात आली, दंडक 1995 मध्ये. कैलास मलाही देखणी वाटते. तिथले काही पातळ पडद्यांसारखे स्तंभ ठोकले की घुमतात, आणि पूर्वी पर्यटकांना खूश करायला ते वाजवून दाखवत. कोणी दाखवायला लागले तर नको म्हणा. दर ठोक्याला त्यात केसाएवढी भेग पडू शकते. कैलासचे तोंड टेकडीवर असल्याने चढण आहे. दंडकमध्ये पुढच्या दालनात जायला गुडघ्यांवर रांगावे लागते. या दोन्ही गुहा कधी खुल्या तर कधी बंद असतात, त्यामुळे त्यांच्यावर बेत बांधू नका. आणि खुल्या असल्या तरी तुमच्या कुटुंबाने एका दिवसात तिन्ही करू नयेत. दुसऱ्या गुहेत शिरेपर्यंत डोळे थकलेले असतात, पाय घसरायला लागतात आणि मुलांना सगळे स्तंभ सारखे दिसतात. कुटुमसर एकच, पण दीड-दोन तास देऊन. बहुतेक गाड्या चाळीस मिनिटांत आत-बाहेर करून तीरथगडला पळतात. तसे करायचे असेल तर इतक्या लांब यायची गरज नाही.

तीन दिवस असे वापरा. पहिल्या दिवशी सकाळी जगदलपूरला पोचलात तर विश्रांती घेऊन दुपारी चित्रकोट. शहरापासून तासाभराची वाट, आणि आजींना काठावरूनच सगळे दिसते. संध्याकाळपर्यंत तिथेच बसा. दुसरा दिवस पूर्ण उद्यानाचा. जगदलपूरहून सकाळी लवकर निघा, सुमारे तीस किलोमीटर आहे. गेट उघडल्याबरोबर पहिल्या जिप्सींमध्ये कुटुमसर. आजी आणि सोबत एक कोणीतरी गुहेच्या तोंडाशी थांबू शकतात. तिथे झाडे आहेत, पक्षी आहेत. छत्तीसगडचा राज्यपक्षी असलेली पहाडी मैना याच जंगलात आहे. काळीभोर, डोक्यामागे पिवळी कातडी लोंबणारी, आपल्या साळुंकीपेक्षा भारदस्त. माणसासारखे बोलते म्हणून तिला पिंजऱ्यात घातले आणि ती कमी होत गेली. आता आसपासच्या गावांतल्या तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून नेमून घरट्यांवर लक्ष ठेवले जाते. गाइडला विचारा, त्यातला कोणी ओळखीचा निघतोच.

गुहेनंतर तीरथगड. मुनगाबहार नावाची नदी सुमारे तीनशे फूट टप्प्याटप्प्याने उतरते. खाली जायला भरपूर पायऱ्या आहेत, आणि गुहा केलेल्या आजोबांनी त्याच दिवशी त्या करू नयेत. वरूनही धबधबा छान दिसतो. माकडांना पिशवी दाखवू नका.

दुसऱ्या रात्री मी जगदलपूरला परतणार नाही. उद्यानाच्या कडेला धुडमारास हे धुरवा आदिवासींचे गाव आहे, तिथे घरगुती मुक्कामाची सोय आहे. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या उपक्रमात, सुधारणा कार्यक्रमासाठी जी वीस गावे निवडली, त्यात हे एक. सोयी साध्या आहेत. गादी पातळ असेल, संडास बाहेर असू शकतो, आजींसाठी तेवढे आधी विचारून घ्या. जेवण चुलीवरचे. मडिया म्हणजे आपली नाचणी, तिची पेज आजोबांना नक्की आवडेल. लाल मुंग्यांची चापडा चटणी पानात आली तर नाक मुरडण्याआधी चाखून बघा, आंबटतिखट असते. तिसऱ्या दिवशी सकाळी कांगेर नदीवर बांबूच्या तराफ्यातून फेरी. पाणी संथ असते, मुलगी खूश होईल. लाइफ जॅकेट मात्र मोठ्यांनीही घालायचे. याच नदीत पुढे भैंसा दरहा नावाच्या डोहात मगरी आहेत, त्यामुळे गावकरी सांगतील तिथेच पाण्यात उतरायचे. आठवडी बाजाराचा दिवस जुळला तर दुपार बाजारात. गावकऱ्यांशी हिंदीत बोललात तरी चालते, आणि हलबी बोलणारे भेटले तर मराठी कानाला बरेच उलगडते.

गोंडी, धुरवा बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. हे लिहावे लागू नये, पण दरवर्षी लिहावे लागते.

प्रवासाचे थोडक्यात. पुण्या-मुंबईहून आगगाडीने नागपूरमार्गे रायपूर, तिथून जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर. रात्रीच्या स्लीपर बस आहेत, पण वाटेत केशकालचा घाट लागतो आणि बसमध्ये आजींची झोप होणार नाही. रायपूरला एक रात्र थांबून सकाळी टॅक्सीने निघणे वयस्कर माणसांना सोसते. जगदलपूरला विमानतळ आहे, पण तिथली उड्डाणे सुरू होतात, बंद होतात. तिकीट हातात आल्याशिवाय त्यावर विसंबू नका. हे प्रवासाचे दिवस तुमच्या तीन दिवसांत धरलेले नसावेत. धरले असतील तर चित्रकोट आणि कुटुमसर एवढेच होईल.

सुरक्षिततेबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. बस्तरने माओवादी हिंसा दीर्घकाळ सोसली आहे. 25 मे 2013 चा झीरम घाटीतला मोठा हल्ला याच उद्यानाजवळून जाणाऱ्या, दरभावरून सुकम्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झाला. पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड, कुटुमसर, मी विद्यार्थ्यांना बिनदिक्कत नेते आणि त्यांच्या आईवडिलांना तसे लेखी कळवते. माझे नियम साधे आहेत: अंधार पडल्यावर घाटरस्त्यावर गाडी नाही, नकाशावर दिसली म्हणून आडवाट नाही, आणि स्थानिक ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला तर कारण न विचारता बेत बदलायचा. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा धोका ओल्या पायरीचा आणि रात्रीच्या ट्रकांचा असतो.

आणि दिवाळीच हवी असेल, गुहा बंद मिळणार हे कळूनही? मग जगदलपूरहून विशाखापट्टणमकडे जाणारी रेल्वे धरा. आंध्र प्रदेशातल्या अरकूच्या डोंगरांत ही गाडी बोगद्यांमागून बोगदे पार करते आणि वाटेत बोर्रा गुहालू नावाचे स्टेशनच आहे. बोर्राही चुनखडीची गुहा. तोंड भव्य, आत विजेचे रंगीत दिवे, पायऱ्या आहेत पण रुंद आहेत, आणि आजींना निदान तोंडाशी उभे राहून आतले दालन बघता येईल. मला ते रंगीत दिवे खुपतात. दहा वर्षांच्या मुलीला खुपणार नाहीत. परतीचे तिकीट मग विशाखापट्टणमहून काढा, पुन्हा रायपूरला येऊ नका.